तेहतिसावा पाटा

धोंड्याच्या महिन्यात जावयाला लोखंड कोण देतं? कुणीच न्हाई देत. मी दिलं. आन तेबी देवाच्या हिशेबानं मोजून दिलं. मंग त्या हिशेबानं मला असं नाचवलं, असं नाचवलं, की अजून मी दिंद्रुडच्या बाजारात दिसले की बाया पदर तोंडाला लावतात. लावू द्या. मी तर उघड्या तोंडानं हसते.

मी वत्सलाबाई. आमचे मालक मोहनराव. त्यांच्या गालात कायम तंबाखू असती, म्हणून घरातलं बोलायचं काम मलाच बघावं लागतं. लेक एकच, मनिषा. दिली धारूरच्या वर डोंगरात. जावई अभिमन्यू, माणूस लई गुणाचा, पण त्या डोंगरात पिकतं काय? कुसळं. दसरा झाला की आख्खं गाव मुकादमाच्या मागं ऊस तोडायला निघतं, आन ह्या दोघांचा बी त्यात एक कोयता, म्हंजी नवरा-बायकोची एक जोडी. लग्नाला आठ वर्षं झाली, आठ वर्षांत माझ्या लेकीनं एक दिवाळी स्वतःच्या घरात बघितली न्हाई. इकडं आमच्या दारात पणत्या लागायच्या आन मला तिकडं फडातली तिची कोपी दिसायची, पाचटाची, वाकून आत शिरायची. लाडू घशाखाली उतरायचा न्हाई. खोटं कशाला बोलू?

यंदा मातर देवानं जरा मान हलवली. अभिमन्यूनं एक जुनी पिकअप घेतली. तिचा मूळ रंग कोणता होता ते बनवणाऱ्याला बी आठवायचं न्हाई, पण चालायची झकास. आमच्या गावात राधाकिशनशेठचं सरकी पेंडीचं दुकान हाय. डोंगरातल्या गावांना त्याची पेंड वर्षभर जाती, आन त्याचा जुना गाडीवाला काम सोडून गेलता. शेठ अभिमन्यूला म्हणला, "काम देतो, बारा महिने देतो. पण तुझी गाडी माल भरला की मागून बसती. घाटात तिचं तोंड आभाळाकडं होतंय. आधी कमानपाटे वाढव, मंग एक खेप माझ्या डोळ्यांदेखत घाट चढव. चढली तर काम तुझं."

शेठ भारी चिकित्सक. आधी दोन गाडीवाले त्यानं असेच माघारी लावलते. तिकडं मुकादम त्रिंबक अभिमन्यूला रोज फोन करायलाच होता, "यंदा येतो का न्हाई ते एकदा सांग बे." म्हंजी कसं, गाडीनं घाट चढला तर माझी लेक दिवाळीला घरी, न्हाई चढला तर फडात. मधी दुसरं काही न्हाई.

तेवढ्यात अधिक महिना लागला. धोंड्याचा महिना हो! तीन वर्षांनी येतो. ह्या महिन्यात जावई नारायण असतो आन लेक लक्ष्मी. दोघांना बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आन वाण द्यायचं. वाण मोजायचं ते तेहतिसात. तेहतीस अनारसे द्या, तेहतीस बत्तासे द्या, ज्याची जशी ऐपत. मी जावयाला फोन लावला आन म्हणलं, "बापू, अंगठी घेऊ का कपडे घेऊ? लाजू नका."

तो म्हणला, "मामी, रागावणार न्हाई ना? मला कमानपाटे द्या."

घ्या! दुसऱ्याचे जावई सोनं मागतेत, आमचा नारायण लोखंड मागतो. पण मी एका क्षणात हो म्हणलं. कावून म्हणलं ते तुमाला कळलंच असंल.

तर तेलगाव रोडला शहादेव मिस्त्रीचं दुकान हाय, कमानपाट्याचं. तिथं गाडी घेऊन जावई आला, मी आन मालक आधीच जाऊन बसलतो. आता मला मेलीला पाटा म्हंजी काय ते कुठं ठाऊक? शहादेवनं गाडीखाली वाकून दाखवलं. चाकाच्या वर पोलादाच्या वाकलेल्या पट्ट्या, एकीवर एक, खाली आखूड, वर लांब, मधी बोल्टनं आवळलेल्या. सगळं ओझं त्यांच्यावर. पट्ट्या वाढल्या की गाडी बसत न्हाई.

"पुढं सहा-सहा हाईत, मागं आठ-आठ," शहादेव म्हणला. "मागं दोन्ही अंगाला दोन-दोन टाकू. हत्ती भरा, काही होत न्हाई."

मी बोटावर मोजलं. परत मोजलं. "म्हंजी बत्तीस झाले."

"बत्तीस."

"बत्तीस दात असतेत, मिस्त्री. वाण तेहतीस असतंय."

शहादेवनं हातातला पाना खाली ठेवला. "मावशी, गाडीला बाजू दोन. तेहतीस कसे वाटू? एक काय डोक्यावर बांधू?"

"ते तुझं तू बघ. मी मिस्त्री हाय का? मी सासू हाय."

"मामी, बत्तीस बी चालतेत," अभिमन्यू हळूच म्हणला. पायाच्या अंगठ्यानं माती उकरायलाच होता.

"तुमी गप बसा बापू. तुमी ह्या महिन्यात देव हाईत, देवानं मधी बोलू नये."

मालकांनी बाजूला जाऊन पिंक टाकली आन आले. "लाव रे बाबा," ते शहादेवला म्हणले. "मी तीस वर्षं हरायलोय, तू काय आज जिंकतोस?"

शहादेव डोकं खाजवत म्हणला, "बरं. डाव्या अंगाला एक जास्त टाकतो. तसा बी रस्ता डावीकडं उतरता असतो. पण उद्या काही झालं तर माझ्या नावानं बोंबलायचं न्हाई."

"कावून बोंबलू? देवाचं वाण हाय."

पाच पाटे घरी आणले. दुसऱ्या दिवशी परातीत मांडले, हळदीकुंकू लावलं, वर झेंडूचं एकेक फूल. शेजारची रतनबाई खास बघायला आली. दारातूनच म्हणली, "अगं बाई! जावयाला लोखंड? शनी मागं लावतीस का त्याच्या?"

"तुझ्या जावयाला मागच्या धोंड्याला अंगठी दिलतीस ना? कुठं हाय ती आता?" मी विचारलं. रतनबाईला एकदम घरी दूध उतू जायचं आठवलं. ती गेली.

जेवण झालं झकास. अभिमन्यूनं इतके धोंडे खाल्ले की उठताना त्याला लेकीनं हात दिला. दुपारी पाटे शहादेवकडं नेले, त्यानं घाईघाईत चढवले, बोल्ट आवळले आन हात धुवायला बी न थांबता म्हणला, "झालं. घेऊन जा." मिस्त्री लई घाईत होता. कावून होता ते मागून कळलं.

पुढं मालक आन जावई बसले, मागं हौद्यात गोधडी टाकून मी आन मनिषा. गाडी निघाली, आन काय सांगू तुमाला! रिकामी गाडी आन खाली पोलादाची एवढी थप्पी. रस्त्यात बारीक खडा आला तरी गाडी टणकन उडायची. जरा मोठा आला की गाडीबरोबर आमी बी. मी एकदा वर गेले तर मला आमच्या वेशीच्या पलीकडचं शेत दिसलं. खाली आले तर माझी जागा मनिषानं घेतलेली! मिस्त्रीसाठी नेलेला धोंड्याचा डबा इकडं, झाकण तिकडं. शाळेसमोरच्या गतिरोधकावर तर आमी दोघी मायलेकी एकाच वेळी हवेत होतो, एकमेकींकडं बघत.

"आई!" मनिषा वरूनच ओरडली. "हे वाण हाय का भूत?"

आन मंग तिला हसू सुटलं. असं सुटलं की आवरंना. उचकी लागली, डोळ्यांतून पाणी, पोट धरून हौद्यात लोळायला लागली. ती हसतीय म्हणून मी हसायले, मी हसतीय म्हणून ती आणखी. लग्नाआधी ही पोरगी अशीच हसायची, विहिरीवर, वाफ्यात, कुठंबी. मी ते हसू विसरूनच गेलते. मला वाटलं, गाडीचं काहीबी होऊ दे, पाटे वसूल झाले.

घरासमोर गाडी थांबली आन आमी उतरलो, तेवढ्यात मालक म्हणले, "ही अशी कावून हुबी हाय?"

बघितलं तर पिकअप उजव्या अंगाला कललेली. थोडी न्हाई, चांगली कललेली. लाकडाच्या मोळीखाली बाई एका पायावर हुबी राहती तशी. तरीच मी आन मनिषा वाटभर उजवीकडंच घसरत होतो, आन आमाला वाटत होतं आमीच एकमेकींना ढकलायलोत.

अभिमन्यूचं तोंड उतरलं. "मामी, डावीकडं अकरा झाले, उजवीकडं दहा. माल भरला तर आणखी कलंल. घाटात वळणावर शेठ बघंल आन तिथंच म्हणंल, जा घरी." खेप उद्या सकाळी होती.

"चला परत शहादेवकडं," मी म्हणलं. "काढा तो एक. सध्यापुरता." हे म्हणताना माझी जीभ जड झालती, पण म्हणलं.

गेलो तर दुकानाला कुलूप. शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारलं. तो म्हणला, "शहादेव सासरी गेला. धोंडे खायला. परवा येईल."

तेलगावला दुसरा मिस्त्री होता, त्याला फोन लावला. तो सासरी. माजलगावच्याला लावला, तो जेवायलाच बसलता, सासूनं फोन उचलला आन म्हणली, जावयाला आता त्रास देऊ नका. आख्ख्या मुलखाचे मिस्त्री जावईच निघाले बघा! अधिक महिन्यात गाडी बिघडवू नये, हे पंचांगात लिहायला पाहिजे.

घरी येऊन सगळे तोंड पाडून बसले. मला राग आलता. कुणाचा, ते कळत नव्हतं, म्हंजी कळत होतं, पण कबूल कोण करणार? धोंड्याचा डबा गाडीतच राहिलता, तो आणायला मी चढले. हौद्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात डबा अडकलता. मी तिथं बसले आन ओढायला लागले. डबा निघाला. मान वर केली तर बाहेर तिघंबी माझ्याकडं बघायलेत.

"काय झालं?"

जावयानं गाडीकडं बघितलं, मंग माझ्याकडं, मंग चटकन जमिनीकडं.

"अगं, काय झालं म्हणते मी?"

"आई," मनिषा म्हणली, ओठ दाबून, "तू उतरू नको."

"कावून?"

मालकांनी तंबाखू थुंकली, म्हंजी बात मोठीच होती. "गाडी सरळ झाली," ते म्हणले.

मी उतरले. गाडी कलली. मी चढले, गाडी सरळ. परत उतरले, परत कलली. जावई तर देवळाकडं तोंड करून हुबा राहिला. सासूच्या वजनावर बोलणार कसा? नारायण असला तरी जावई हाय. माझं वजन किती ते मी तुमाला सांगणार न्हाई. एका पाट्याएवढं हाय, एवढं समजा.

"पोती डावीकडं जास्त लावली तर?" मी विचारलं.

"न्हाई मामी. शेठ स्वतः हुबा राहून लावतो. पोतं बोटभर हलवलेलं त्याला चालत न्हाई."

"मंग काय," मी पदर खोचला. "उद्या मी येते."

सकाळी शेठच्या दुकानासमोर गाडी भरली. शेठ म्हंजी अंगानं काडी, कपाळाला ठसठशीत गंध, आन नजर घारीची. पोती रचताना मी आधीच कोपऱ्यात जाऊन बसलते, डाव्या. शेजारी मनिषा. मालक घरीच राहिलते. शेठनं चष्मा वर केला. "ताई, तुमी कुठं?"

"लेकीच्या घरी."

"मंग पुढं बसा की. मी मागं बसतो."

आता काय सांगावं? तोंडाला आलं ते बोलले. "पुढं न्हाई जमायचं, शेठ. अधिक महिन्याचा नेम धरलाय मी. लेकीच्या दारात पोचेपर्यंत गाडीतून उतरायचं न्हाई आन डावा कोपरा सोडायचा न्हाई."

"डावा कोपरा?"

"देवीचं अंग डावं असतंय."

मनिषानं माझ्या मांडीला चिमटा घेतला. मला वाटलं शेठ आता हसंल. पण अधिक महिन्यात बाया काय काय नेम धरतेत, कुणी मौन धरतं, कुणी पानावर जेवतं, शेठच्या घरात बी असंल कुणी. त्यानं हात जोडले. "धन्य हाय ताई," म्हणला आन पुढं जाऊन बसला.

गाडी निघाली आन मला हायसं वाटलं. भरलेली गाडी कशी, आदल्या दिवशीची ती उड्या मारणारी भवानीच न्हवती. खड्ड्यातून जायची तर नुसती डुलायची, सुखवस्तू म्हशीसारखी. मागून जरा सुद्धा बसली न्हवती. तेलगाव मागं पडलं, घाट सुरू झाला. वळण डावं आलं की गाडी उजवीकडं झुकू बघायची, मी हौद्याची कड धरून बाहेर रेलायचे, पार अर्धी बाहेर. वळण उजवं आलं की आत. कुणी सांगितलं न्हवतं, अंगालाच कळत होतं. वारा पदर उडवत होता, खाली दरी, वर ऊन, आन मी आपली पेंडीच्या पोत्याला टेकून गाडी हाकत होते.

"चलू द्या बापू!" मी हौद्याच्या पत्र्यावर थाप मारली. जावयासमोर मी कधी आवाज चढवून बोलले न्हवते, पण तिथं कुठली आलीय मर्यादा! "डावं वळण येतंय, घ्या बिनधास्त, मी हाय!"

"आई, पडशील गं!" मनिषानं माझ्या कमरेला मिठी मारली.

"तू धर. सोडू नको."

मधल्या वळणावर एक मालट्रक बंद पडलता. चढावर गाडी थांबवावी लागली. भरल्या गाडीनं चढावर थांबून परत निघायचं म्हंजी खरी परीक्षा, गाडी मागून बसणारी असती तर पुढची चाकं उचललीच असती. अभिमन्यूनं गियर टाकला. मनिषाचे डोळे मिटलेले. तिच्या तोंडून निघालं, "देवा, यंदा नको नेऊस." एवढंच. कुठं नको, ते मला विचारायची गरज न्हवती. मी त्या कोपऱ्यात अशी रुतून बसले की तिथून मला यमानं बी उठवलं नसतं. गाडी घुरघुरली, थरथरली, आन सरळ, अगदी सरळ, पुढं निघाली.

धारूरला चहाच्या टपरीसमोर शेठनं गाडी थांबवली. मागं येऊन त्यानं डोळा बारीक करून गाडी निरखली. मंग म्हणला, "ताई, चहा तरी घ्या खाली उतरून."

माझा जीव चहासाठी कासावीस झालता. सकाळपासून घोट न्हाई. "नेम हाय, शेठ."

"अरे हो! चुकलो." त्यानं स्वतः कप आणून वर दिला, दोन्ही हातांनी. ते टपरीवालीनं बघितलं. तिनं विचारलं, शेठनं सांगितलं, आन झालं की! ती हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली. तिच्यामागं भाजीवाली, तिच्यामागं एस.टी.साठी थांबलेल्या बाया. कुणी कुंकू लावतीय, कुणी ओटीत केळं टाकतीय, एक म्हातारी तर चाकावर पाय देऊन वर आली आन म्हणली, "माय, माझी म्हैस गाभण राहू दे."

"राहंल, राहंल," मी म्हणलं. दुसरं काय म्हणू? मनिषानं तोंडात पदर कोंबलता, तिचे खांदे गदागदा हलत होते. त्या बायांना वाटलं लेकीला आईच्या नेमानं भरून आलं. एकीनं तिच्या बी पाया पडून घेतलं.

तिथून मनिषाचं गाव जवळच. शेठचं गिऱ्हाईक तिथंच, देवळाशेजारचं दुकान. हमाल पोती उतरवायला लागले, आन माझी खरी पंचाईत झाली. एकेक पोतं कमी होईल तशी गाडी वर उठायला लागली, डावं अंग जास्त, उजवं कमी. मी बूड दाबून बसले. फतकल मारली. शेवटी पाय पसरून आडवीच झाले. पण पोलादापुढं बाईचं किती चालणार? शेवटचं पोतं गेलं आन गाडीनं असा हिसका दिला की ओटीतली केळी चहूकडं उडाली. मी कोपरा सोडून घरंगळत उजवीकडं, कपाळभर कुंकू घेऊन, आन गाडी बी उजवीकडं कलून हुबी.

"थांबा," शेठ म्हणला. "ही कलली कशी?"

अभिमन्यू पांढराफटक पडला. मंग मीच बोलले, आन एकदा बोलायला लागले की मी थांबते होय? "माझ्यामुळं कलली! शहादेव सांगत होता बत्तीस लाव, मीच म्हणलं तेहतीस. धोंड्याचं वाण हाय ते. नेमबिम काही न्हाई, शेठ, मी नुसती वजन म्हणून आले. माझी लेक आठ वर्षं दिवाळीला घरी न्हाई. तिला घरी ठेवायची होती मला. आता द्यायचं तर द्या काम, न्हाई तर राहू द्या, पण जावयाला नावं ठेवू नका. त्याच्या गाडीत खोट न्हाई, त्याच्या सासूत हाय!"

शेठच्या काडीसारख्या अंगातून कुठूनतरी कुईं असा आवाज निघाला. मंग तो खाली बसला, दुकानाच्या पायरीवर, आन असा हसला, असा हसला की हमालांनी पोती टाकून पाणी आणलं.

"अहो ताई," तो डोळे पुसत म्हणला, "मला बघायचं होतं गाडी मागून बसती का. न्हाई बसली. चढावर थांबून निघती का. निघाली. एक पोतं फुटलं न्हाई. कललीय तर एक पाटा काढून टाका, त्यात काय? काम अभिमन्यूचंच हाय. हे सकाळीच बोलला असता तर पुढं आरामात बसून आला असता!"

म्हंजी बघा! दुखणं म्हशीला आन इंजेक्शन पखालीला. मी घाटभर लोंबकळले ते उगीचच. मला हसावं का रडावं कळंना, म्हणून मी दोन्ही केलं.

"पण तो पाटा काढायचा हां," शेठनं बोट उचललं. "तशा गाडीत मी दुसरी खेप भरणार न्हाई."

आन इथं मी अडले. काल रागात काढा म्हणलतं, ते सध्यापुरतं. पण दिलेलं वाण कायमचं माघारी? लेकीच्या संसाराचं वाण? माझा हात उरावर गेला. "शेठ, तेवढं सोडून काहीबी सांगा. वाण माघारी घेत न्हाईत. अपशकुन होतो."

शेठ गंभीर झाला, तो बी श्रद्धेचा माणूस. जावई म्हणला, "राहू द्या मामी, मी बघतो काहीतरी," पण त्याला बी ठाऊक होतं की बघण्यासारखं काही न्हाई.

मनिषा गाडीजवळ आली. पाट्यांवर हात ठेवून म्हणली, "आई, वाण एकट्या ह्यांना दिलंस का आमा दोघांना?"

"जोडप्याचं असतंय गं."

"मंग बत्तीस त्यांचे. एक माझा. तो मला दे."

"तू काय करतीस पाट्याचं?"

"लोहाराकडं देऊ," अभिमन्यू एकदम हुशारून म्हणला. "पाट्याच्या पोलादाचा कोयता लई धारेचा होतो, मनिषा! आपले दोन्ही तसलेच..." आन मधीच थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं.

"कोयता न्हाई," मनिषा म्हणली. "विळी करायची. लग्नात तू दिलेली विळी गंजून मोडली, आई. सहा महिने घराला कुलूप, गंजणार न्हाई तर काय? तुला सांगितलं न्हाई मी. कोपीत भाजी बी कोयत्यानंच चिरते, आठ वर्षं. आता घरी राहायचं म्हणल्यावर घरात विळी नको का?"

इतक्या वेळा तिच्या घरी जाऊन आले, पण चुलीपाशी बसून तिनं भाजी कशानं चिरली हे माझ्या ध्यानात आलं न्हवतं.

"आन ह्या दिवाळीला तू माझ्याकडं यायचं," ती म्हणली. "मी चिरते, तू नुसती बस."

मी मान हलवली. मनिषानं हात पुढं केला, तो धरून मी गाडीतून खाली उतरले.